सुईला वाट दाखवणारा एमआरआय

गेल्या दोन वर्षांत आमच्या घरात एक शब्द फार वेळा बोलला गेला. तो म्हणजे तुकडा. ‘तुकडा काढला का?’, ‘तुकड्याचा रिपोर्ट आला का?’, ‘तुकडा काढू नका, पसरेल.’ बायोप्सी हा शब्द डॉक्टरांच्या तोंडी असतो. वऱ्हाडातल्या घराघरांत त्याला तुकडाच म्हणतात आणि त्या शब्दाची भीती आजारापेक्षा मोठी असते. या भीतीपायी आम्ही चार महिने वाया घालवले. नंतर जे शिकलो ते आपल्या वाचकांपर्यंत पोहोचावे म्हणून हा लेख. आम्ही डॉक्टर नाही, शिक्षक आहोत. जे समजले ते वर्गात समजावतो तसे मांडतो आहोत.

आमचे अब्बा अकोल्याला मोठ्या भावाकडे राहतात. वय ७१. एसटीत वाहक म्हणून ३५ वर्षे नोकरी केली. रात्री ते चार-पाच वेळा उठत. आम्ही अमरावतीहून सुट्टीत गेलो की वाटायचे, तहज्जुदसाठी उठत असतील. अम्मीला खरे माहीत होते. लघवी थांबून थांबून होई, नंतर थेंब गळत, कपडे पाक राहतील की नाही या काळजीने अब्बांनी मस्जिदीत जाणेही कमी केले होते. गुडघे दुखतात असे कारण सांगत. मुलांना आणि सुनांना हे कसे सांगायचे, या संकोचात वर्ष गेले. शेवटी भाईजानने एकदा स्पष्ट विचारले तेव्हा सारे बाहेर आले.

दवाखान्यात सोनोग्राफी झाली. प्रोस्टेट ग्रंथी वाढलेली होती. रक्तातली पीएसए नावाची तपासणी केली, ती ९.२ आली. साधारण ४ पर्यंत ठीक मानतात. डॉक्टरांनी आधी जंतुसंसर्गाची औषधे दिली आणि काही आठवड्यांनी पुन्हा तपासायला सांगितले. तेव्हा ९.६ आली. डॉक्टर म्हणाले, “तुकडा काढून बघावा लागेल.”

बातमी खानदानात पसरली आणि सल्ले सुरू झाले. एक मामू अकोटहून खास आले आणि म्हणाले, “सुई मत लगाना, फैल जाता है.” शेजारच्या खालांनीही तीन नावे सांगितली, सुई लावली आणि सहा महिन्यांत माणूस गेला. तेवढ्यात रमजान आला. ‘ईद के बाद देखेंगे’ असे ठरले. ईद झाली, मग घरातले एक लग्न, मग बकरी ईद. चार महिने असेच गेले.

बारा तुकडे, सगळे साफ

अखेर बायोप्सी झाली. सोनोग्राफीच्या मदतीने प्रोस्टेटमधून १२ तुकडे घेतले. दहा दिवसांनी रिपोर्ट आला, कुठेही कॅन्सर नाही. अम्मीने शुकराण्याचे दोन नफिल पढले, घरात मिठाई आली, मामूंना फोन गेला. डॉक्टरांनी मात्र एक वाक्य सांगितले होते, “या १२ तुकड्यांत काही सापडले नाही, एवढाच याचा अर्थ. पीएसए तपासत राहा.” आनंदात हे वाक्य आमच्यापैकी कुणीच नीट ऐकले नाही.

सहा महिन्यांनी पीएसए १३.१ झाली. आम्ही गोंधळलो. तुकडे साफ आहेत तर आकडा का चढतो? मामू म्हणाले, सुईमुळेच चढला. डॉक्टर म्हणाले, “आता आंधळेपणाने पुन्हा सुई लावू नये. आधी एमआरआय करू. संशयाची जागा दिसली तर नेमकी तिथेच सुई नेऊ.” हे ‘नेमकी तिथेच’ आम्हाला त्या दिवशी पहिल्यांदा समजून घ्यावेसे वाटले.

संत्र्यातली एक बी

प्रोस्टेट ही फक्त पुरुषांना असणारी ग्रंथी. मूत्राशयाच्या खाली, मूत्रनलिकेभोवती असते. तरुणपणी अक्रोडाएवढी, वयाबरोबर वाढते. वाढली की लघवीला अडथळा होतो. ही वाढ बहुतेक वेळा साधी असते, तिला कॅन्सर म्हणत नाहीत. उलट सुरुवातीचा कॅन्सर पुष्कळदा काहीच त्रास देत नाही. पीएसए हे या ग्रंथीतून निघणारे प्रथिन आहे. ते साध्या वाढीने, जंतुसंसर्गाने, लघवी तुंबल्यानेही वाढते. म्हणून पीएसए वाढली म्हणजे कॅन्सर, असे नाही. तिचा अर्थ एवढाच की पुढे बघायला हवे. आणखी एक लक्षात ठेवावे. प्रोस्टेट लहान करणाऱ्या फिनास्टेराइड, ड्युटास्टेराइड यांसारख्या गोळ्यांनी पीएसए जवळपास निम्मी दिसते. अशी गोळी सुरू असेल तर डॉक्टरांना जरूर सांगावे.

आता बायोप्सी. आपल्याकडे वरूड-मोर्शीचे संत्रे घरोघरी येते. समजा, एका संत्र्यात एकच बी आहे आणि साल न काढता, सुई टोचून ती बी शोधायची आहे. आपण बारा ठिकाणी सुई टोचली. बी लागलीही असेल, दोन सुयांच्या मधून निसटलीही असेल. जुन्या पद्धतीची प्रोस्टेट बायोप्सी साधारण अशीच होती. १९८९ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी ठरावीक सहा जागांमधून तुकडे घ्यायची पद्धत मांडली. पुढे सहाचे दहा-बारा झाले. सोनोग्राफीत ग्रंथीची कड छान दिसते, सुई कुठे जाते तेही दिसते, पण आतला कॅन्सर पुष्कळदा आजूबाजूच्या भागापेक्षा वेगळा दिसतच नाही. म्हणून डॉक्टर जागा वाटून घेतात आणि प्रत्येक जागेतून नमुना घेतात. त्यात ग्रंथीचा पुढचा भाग सुईच्या टप्प्यातून सहज सुटतो, कारण सुई मागच्या बाजूने, गुदद्वारातून जाते. अब्बांची ‘बी’ याच पुढच्या भागात होती. पहिल्या डॉक्टरांची यात चूक नव्हती, ती त्या पद्धतीची मर्यादा होती.

चुंबकाला काय दिसते?

चुंबकत्वाचा धडा आम्ही दरवर्षी शिकवतो. लोहकीस, पट्टी-चुंबक, उत्तर ध्रुव, दक्षिण ध्रुव. याच चुंबकाने अब्बांच्या पोटातले चित्र काढले, हे वर्गात सांगितले तेव्हा मुलांचे डोळे मोठे झाले.

आपल्या शरीरात पाणी भरपूर आहे आणि पाण्यात हायड्रोजन आहे. हायड्रोजनच्या अणूचा गाभा इवल्याशा चुंबकासारखा वागतो. एमआरआय यंत्रात शक्तिशाली चुंबक असतो. त्याच्या आत गेल्यावर हे इवलेसे चुंबक त्याच्या दिशेने झुकतात. मग यंत्र रेडिओ लहरींचा धक्का देते, ते विचलित होतात आणि पुन्हा जागेवर येताना बारीक संकेत सोडतात. वेगवेगळ्या पेशीसमूहांतून वेगवेगळे संकेत येतात, त्यांवरून संगणक चित्र बनवतो. यात एक्स-रे नसतो. या शोधासाठी पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांना २००३ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

प्रोस्टेटसाठी एकाच प्रकारचे चित्र पुरत नाही. एका चित्रात ग्रंथीची रचना दिसते, दुसऱ्यात पाण्याचे कण पेशींमधून किती मोकळे फिरतात ते कळते. कॅन्सरच्या पेशी दाटीने असतात, तिथे पाणी अडखळते आणि ती जागा उठून दिसते. काही वेळा शिरेतून रंगद्रव्य देऊन तिसरे चित्रही घेतात. सगळी मिळून रेडिओलॉजिस्ट जागेला १ ते ५ असे गुण देतात. १ म्हणजे संशय जवळपास नाही, ५ म्हणजे दाट संशय. परीक्षेत ५ गुण चांगले असतात, इथे उलटे आहे, हे अब्बांना समजावायला वेळ लागला.

एमआरआय अमरावतीतच झाला. पहिल्या बायोप्सीनंतर लगेच करत नाहीत, कारण सुईने झालेला रक्तस्राव चित्रात गोंधळ करतो. काही आठवडे जाऊ देतात. आमच्या बाबतीत सहा महिने झालेच होते.

आत जाण्याआधी

यंत्राच्या खोलीच्या दारात कर्मचाऱ्याने अब्बांना विचारले, “अंगावर लोखंड, धातू काही आहे का?” अब्बा नाही म्हणाले. मग एकेक निघत गेले. बोटातली अंगठी, कवळी, कंबरेचा करगोटा आणि शेवटी दंडावरचा तांब्याच्या डबीतला तावीज. तावीज काढताना अब्बा थांबले. अम्मीने हात पुढे केला आणि म्हणाली, “मेरे पास रखती हूं, बाहर आते ही बांध दूंगी.”

आपल्या घरांसाठी ही यादी लक्षात ठेवण्यासारखी आहे. तावीजची डबी, अंगठी, घड्याळ, कवळी, ऐकण्याचे यंत्र, जरीचे कपडे, धातूचा हुक असलेले अंतर्वस्त्र आणि बहिणींच्या बाबतीत हिजाबच्या टाचण्या. आजकाल हिजाबला चुंबकाच्या गोल टिकल्या लावतात. त्या तर बाहेरच काढून ठेवाव्यात. डोळ्यांत सुरमा असेल तर तेही सांगावे, कारण काही सुरम्यांत धातूचे कण असतात. हृदयाला पेसमेकर असेल, मेंदूच्या शिरेला क्लिप लावली असेल, हाडात सळई असेल, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला असेल, तर नंबर घेतानाच सांगावे. रंगद्रव्य द्यायचे असेल तर मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांना आधी रक्ताची क्रिएटिनिन तपासणी करावी लागते. कपडे बदलताना, यंत्रावर झोपवताना महिला कर्मचारी हवी असेल तर तसे आधी सांगून ठेवावे.

आत बोगद्यासारखी जागा असते, धडधड आवाज होतो, कानांत बोळे देतात. हातात एक फुगा देतात, घाबरल्यास दाबायचा. अब्बा बाहेर आले तेव्हा आम्ही विचारले, भीती वाटली का? म्हणाले, “आवाज जुन्या गाडीच्या इंजिनासारखा होता. मी दरूद पढत होतो. किती झाले तेही मोजले.” वाहकाची सवय.

रिपोर्टमध्ये लिहिले होते की प्रोस्टेटच्या पुढच्या भागात ११ मिलिमीटरची जागा आहे, गुण ४.

सुई नेमक्या जागी कशी नेतात?

इथून आम्ही नागपूरला गेलो. तिथल्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विचारले, “सीडी आणली का?” कागदी रिपोर्ट आणि फिल्म पुरेशी नव्हती. सुई नेण्यासाठी मूळ चित्रे संगणकात टाकावी लागतात. भाईजानने सीडी आणली होती म्हणून एक फेरी वाचली.

एमआरआयच्या आधाराने सुई लावण्याच्या तीन पद्धती आहेत.

पहिलीत डॉक्टर एमआरआयचे चित्र नीट बघतात, जागा मनात ठेवतात आणि सोनोग्राफीवर बघत सुई तिथे नेतात. वेगळे यंत्र लागत नाही, हात आणि डोळा सरावाचा हवा.

दुसरीत आधी काढलेले एमआरआयचे चित्र आणि समोर चालू असलेली सोनोग्राफी संगणक एकमेकांवर बसवतो. एमआरआयमध्ये दिसलेली जागा सोनोग्राफीच्या पडद्यावर रंगीत गोल होऊन दिसते. याला फ्यूजन बायोप्सी म्हणतात.

तिसरीत रुग्ण एमआरआय यंत्रातच असतो, तिथेच चित्रे काढत सुई पुढे नेतात. यात सुई आणि सगळी हत्यारे चुंबकाला न खेचली जाणारी लागतात, यंत्रही बराच वेळ अडकते. दिल्लीच्या एम्समधील डॉक्टरांनी प्रोस्टेटसाठी अशी बायोप्सी करून आपला अनुभव प्रसिद्ध केला आहे. सगळीकडे ही सोय नसते. शहरात एमआरआय आहे म्हणजे तिथे एमआरआयची बायोप्सी होते, असे समजू नये.

अब्बांची फ्यूजन पद्धतीने झाली. सुई गुदद्वारातून न नेता, वृषण आणि गुदद्वार यांमधल्या त्वचेतून नेली. या मार्गाने जंतुसंसर्गाचा धोका कमी असतो, असे डॉक्टरांनी सांगितले. पुढच्या भागातल्या जागेपर्यंत पोहोचायलाही ही वाट सोयीची. आधी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबद्दल विचारले. अब्बा हृदयासाठी ॲस्पिरिन घेत होते, ती कधी थांबवायची ते डॉक्टरांनी ठरवून दिले. आपल्या मनाने अशी गोळी बंद करू नये. संशयाच्या जागेतून चार तुकडे घेतले, शिवाय नेहमीच्या जागांतूनही घेतले. संध्याकाळी घरी जाऊ दिले. दोन-तीन दिवस लघवीत रक्त दिसले. हे होते, हे आधी सांगितले होते म्हणून कुणी घाबरले नाही. ताप आला, लघवी बंद झाली किंवा रक्त वाढत गेले तर लगेच दवाखान्यात यायचे, असेही बजावले होते.

रिपोर्टमध्ये नेहमीच्या जागांतले सगळे तुकडे साफ होते. नेमक्या जागेतल्या चारपैकी तीन तुकड्यांत कॅन्सर निघाला. ग्लीसन ३+४, म्हणजे मध्यम स्वरूपाचा. हाडांच्या स्कॅनमध्ये कुठे पसरलेला नव्हता. म्हणजे ही सुई नेमकी लागली नसती, तर दुसऱ्यांदाही आम्ही मिठाई वाटली असती.

सुईने पसरतो का?

मामूंचा प्रश्न आम्ही नागपूरच्या डॉक्टरांपुढे तसाच ठेवला. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी जे सांगितले त्याचा सारांश असा. प्रोस्टेटमध्ये सुईच्या वाटेवर कॅन्सर उगवणे अत्यंत विरळ आहे. स्तनाच्या गाठीत सुईच्या वाटेत काही पेशी सरकलेल्या सापडतात, पण त्यामुळे रुग्णाचे आयुष्य घटते असे दिसलेले नाही. उलट, तुकड्याशिवाय कॅन्सरची जात कळत नाही आणि जात कळल्याशिवाय औषध ठरत नाही.

मग लोकांना असे का वाटते? कारण आपल्याकडे सुई उशिरा लागते. आजार आतून पसरलेला असतो, तेव्हा माणूस दवाखान्यात जातो. सुई लागते, रिपोर्ट येतो आणि थोड्याच महिन्यांत तो जातो. आधीची दोन वर्षे कुणी मोजत नाही, सुईचा दिवस लक्षात राहतो. खालांनी सांगितलेल्या तीन नावांची आम्ही नंतर चौकशी केली. तिघेही दुखणे अंगावर काढून फार उशिरा गेले होते.

काही गाठींत डॉक्टर स्वतःच सुई टाळतात, हेही खरे आहे. वृषणातली गाठ, अंडाशयातल्या पाण्याच्या संशयास्पद गाठी ही त्याची उदाहरणे. पण तो निर्णय अवयव बघून डॉक्टर घेतात, ओसरीवर बसून घ्यायचा नसतो.

आणि सुईने आत काय आहे ते बघणे ही काही कालची गोष्ट नाही. दहाव्या शतकात कुर्तुबाजवळच्या मदीनतुज्जहरा इथले हकीम अबुल कासिम अज्जहरावी यांनी ‘किताबुत्तसरीफ’ हा तीस भागांचा ग्रंथ लिहिला. त्याच्या शस्त्रक्रियेच्या भागात सुमारे दोनशे हत्यारांच्या आकृत्या आहेत. सुजेच्या आत काय आहे हे बघण्यासाठी वापरायच्या बारीक हत्यारांचाही त्यांत समावेश आहे. मामूंना हे सांगितले तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “ये तो किसी ने बताया नहीं था.”

आकडे काय सांगतात?

ब्रिटनमध्ये ५७६ पुरुषांवर केलेला ‘प्रॉमिस’ नावाचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. धोक्याचा कॅन्सर हुडकण्यात एमआरआय ९३ टक्के वेळा यशस्वी ठरला, जुनी सोनोग्राफीची बायोप्सी ४८ टक्के. २०१८ साली ‘प्रिसिजन’ हा दुसरा अभ्यास आला. ११ देशांतल्या ५०० पुरुषांची दोन गटांत विभागणी केली होती. एका गटात थेट नेहमीची बायोप्सी. दुसऱ्या गटात आधी एमआरआय आणि संशयाची जागा दिसली तरच तिथे सुई. धोक्याचा कॅन्सर पहिल्या गटात २६ टक्के, दुसऱ्यात ३८ टक्के पुरुषांमध्ये सापडला. एमआरआयच्या गटातल्या २८ टक्के पुरुषांना सुई लावावीच लागली नाही, कारण चित्र साफ होते. सौम्य, फारसा न वाढणारा कॅन्सर मात्र या गटात कमी सापडला, २२ टक्क्यांच्या जागी ९ टक्के.

सौम्य कॅन्सर कमी सापडणे चांगले कसे, असा प्रश्न आम्हालाही पडला. उत्तर असे की प्रोस्टेटचे काही कॅन्सर इतके सावकाश वाढतात की माणसाला आयुष्यभर त्रास होत नाही. सापडला की मात्र घरात काळजी शिरते आणि गरज नसताना शस्त्रक्रिया होण्याची शक्यता वाढते. असा कॅन्सर सापडलाच तरी घाई नसते. ठरावीक काळाने तपासत राहणे, हाही मान्य उपचार आहे.

पण एमआरआयलाही मर्यादा आहेत. काही कॅन्सर त्यालाही दिसत नाहीत. काही वेळा जंतुसंसर्ग किंवा टीबीची सूज हुबेहूब कॅन्सरसारखी दिसते. म्हणून चित्रावरून उपचार सुरू करत नाहीत, शेवटचा शब्द तुकड्याचाच. आणि चित्र वाचणारा डॉक्टर अनुभवी हवा.

बहिणींसाठी

हा सगळा प्रकार पुरुषांचा आहे असे समजून बहिणींनी पान उलटू नये. स्तनातल्या गाठीतही सुईला वाट दाखवावी लागते. हाताला लागणारी गाठ असेल तर बहुतेक वेळा सोनोग्राफीवर बघून सुई लावतात. हाताला न लागणारे, फक्त मॅमोग्राफीत दिसणारे चुन्याचे बारीक ठिपके असतील तर मॅमोग्राफीच्या आधाराने. थोड्या स्त्रियांमध्ये संशयाची जागा फक्त एमआरआयमध्येच दिसते. तेव्हाही आधी पुन्हा एकदा सोनोग्राफी करून ती जागा शोधतात आणि पुष्कळदा सापडते. नाहीच सापडली तर एमआरआय यंत्रात पालथे झोपवून, शिरेतून रंगद्रव्य देऊन, जाळीदार पट्टीच्या मापाने सुई नेतात. तुकडा घेतल्यावर तिथे टायटॅनियमची तिळाएवढी खूण ठेवतात, पुढे शस्त्रक्रिया करायची झाली तर जागा सापडावी म्हणून. ती अंगात राहिली तरी त्रास नसतो.

पण सुरुवात हातानेच होते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांचा अभ्यास केला. अर्ध्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी केली. २०२१ साली निकाल आला. पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले होते. तपासणाऱ्या बायकाच होत्या. पडद्यामुळे तपासणी करता येत नाही, हे कारण त्यामुळे उरत नाही.

खर्च, प्रवास आणि विचारायचे प्रश्न

आपल्या भागातून लोक अकोला, अमरावतीला तपासतात, पुढे नागपूरला किंवा रात्रीच्या गाडीने मुंबईत परळच्या टाटाला जातात. नागपुरात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या नावाचे कॅन्सर रुग्णालय आहे, महाराज आपल्याच अमरावती जिल्ह्यातले. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे. २०१२ साली ती राजीव गांधी जीवनदायी योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत अमरावती होता. आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. एमआरआय आणि बायोप्सीचा खर्च त्यात बसतो की नाही, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारावे. शिधापत्रिका आणि आधार कार्डावरचे नाव एकसारखे आहे का, तेही घरूनच बघून निघावे. आमची एक फेरी अब्बांच्या नावातल्या एका मात्रेमुळे वाया गेली.

डॉक्टरांना हे प्रश्न विचारावेत. बायोप्सीआधी एमआरआय करण्यात फायदा आहे का? सुई कोणत्या चित्राच्या आधाराने लावणार? कोणत्या वाटेने? माझ्या कोणत्या गोळ्या थांबवायच्या? रिपोर्ट साफ आला तर पुढची तपासणी कधी? हा शेवटचा प्रश्न आम्ही विचारला नव्हता.

अब्बांना किरणोपचार दिले. चार आठवड्यांत २० बैठका झाल्या. नागपुरात एका नातेवाइकाकडे राहिले. थकवा आला, लघवीला काही दिवस जळजळ झाली, मग उतरली. कपड्यांच्या पाकीबद्दल अब्बांनी इमाम साहेबांना एकदाचे विचारले. त्यांनी आजाऱ्यासाठी असलेल्या सवलती शांतपणे समजावल्या. ही गोष्ट आधीच विचारली असती तर वर्षभर मस्जिद सुटली नसती, असे अब्बा आता म्हणतात. शेवटची पीएसए ०.६ आली. तपासणी दर तीन महिन्यांनी सुरू आहे, अलहमदुलिल्लाह.

असरनंतर मस्जिदीबाहेरच्या बाकावर अब्बांच्या वयाची पाच-सहा मंडळी बसतात. पूर्वी तिथे कापसाचे भाव आणि गुडघेदुखी एवढेच विषय असत. मागच्या सुट्टीत आम्ही गेलो तेव्हा अब्बा प्रत्येकाला विचारत होते, “तुम्हारा पीएसए कितना है?” अगदी गाडीत तिकीट विचारावे तसे. दोघांनी अजून काढली नव्हती. अब्बा म्हणाले, “सोमवारी माझ्याबरोबर चला.”